पिवळ्या पानावरचे हिरवे ठिपके

मित्रांनो, मी एक जुनी लिंबोणी आहे. जुनी म्हणते, कारण लिंबोणीच्या वयात अठरा वर्षं म्हणजे अंगाखांद्यावर नातवंडं खेळण्याचे दिवस. वरवट बकालहून पूर्णा नदीकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर एक लहानसं गाव आहे. त्या गावच्या मारुतीच्या देवळासमोर, अंगणाच्या कोपऱ्यात मी उभी आहे. मला काटे आहेत, हे आधीच सांगून ठेवते. माझी गोष्ट ऐकून कुणाला माझी कीव आली तर त्याने ती आपल्या घरी न्यावी. मला कीव नको होती. मला चुलीत घालायचं ठरलं होतं, आणि मी चुलीत गेले नाही. का गेले नाही, तेवढं ऐका.

मला लावलं झुंबरबाईंनी. कोरडवाहू कपाशीच्या चार एकरांवर एकटीने राबणारी ही बाई. हात कुऱ्हाडीच्या दांड्यासारखे, बोलणं माझ्या काट्यांसारखं. पण कीर्तनाचं वेड असं, की टाळ वाजला की वखर जागेवर सोडून निघाली! देवाने त्यांना गळा मात्र दिला नव्हता. हातात टाळ धरला तर तो सगळ्यांच्या आधी तरी वाजायचा नाहीतर मागून. मग त्यांनी स्वतःसाठी एक सेवा शोधून काढली. एका फुटक्या मडक्यात लिंबाची बी रुजवली, बोटभर रोप झाल्यावर देवळाच्या अंगणात लावलं, आणि शेतातून परतताना रोज एक घागर पाणी घातलं. सहाव्या वर्षी मला फळ धरलं. तेव्हापासून दर चैत्रात, हनुमान जयंतीच्या सप्ताहात, बुवा कीर्तनाला उभे राहण्याआधी झुंबरबाई त्यांच्या हातात लिंबू-साखरेच्या पाण्याचा तांब्या देत. बुवांचा आवाज मोकळा लागला की त्या माझ्याकडे बघत. जणू आम्ही दोघीच गात होतो.

ती माझी भरभराटीची वर्षं. गावात कुणाला उलटी झाली, कुणाच्या घरी पाहुणा आला, की माणूस थेट माझ्यापाशी. भगवंतराव पाटील हे देवळाचे पंच. ते पाहुण्यांना अभिमानाने सांगत, "असं पातळ सालीचं लिंबू मलकापूरच्या बाजारातही भेटत नाही." आपली स्तुती कुणाला आवडत नाही? मलाही आवडायची.

आता मी माझ्या अंगातली एक गोष्ट सांगते. ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

माझं पान तुम्हाला एकसंध दिसतं. पण ते लाखो लहान लहान खोल्यांचं गाव आहे. तुमच्या पुस्तकात या खोलीला पेशी म्हणतात. प्रत्येक खोलीला आतून एक पडदा असतो. इतका पातळ, की तुमच्या भिंगालाही दिसायचा नाही. हा पडदा स्निग्ध असतो, तेलातुपाच्या गोत्रातला. म्हणून पाण्यात विरघळलेली वस्तू त्यातून सहजासहजी आत जात नाही. त्यासाठी पडद्यात दारं बसवलेली असतात, आणि प्रत्येक दार आपला ठरलेला पाहुणाच आत घेतं.

लोहाचं दार तर फार कडक असतं. मातीत लोह भरपूर आहे हो, पण ते गंजून, घट्ट होऊन बसलेलं. माझी मुळं आधी थोडा आंबटपणा सोडतात आणि त्याला सैल करतात. मग त्याचं रूप पालटतात. त्या पालटलेल्या रूपालाच मुळाचं दार उघडतं. आत आलं की माझ्याच अंगातल्या लिंबाच्या आंबटाचा हात धरून ते खोडातून वर चढतं, पानात पोचतं. तिथे पुन्हा पेशीचा पडदा, पुन्हा दार. पेशीच्या आत हिरवे कण असतात, आणि त्यांना तर एकावर एक दोन पडदे! गाभाऱ्यापर्यंत पोचायला जेवढे उंबरे ओलांडावे लागतात, त्याहून जास्त उंबरे लोहाचा एक कण माझ्या अंगात ओलांडतो.

आणि त्या गाभाऱ्यात काय होतं? लोह पोचलं की हिरवा रंग तयार होतो. तिथेच, उन्हाच्या जोरावर, स्निग्ध आम्लंही घडतात, आणि त्यांना मऊ करणाऱ्या कारागिराच्या हातात लोहच असतं. ही स्निग्ध आम्लं मग उलट्या वाटेने निघतात. दोन्ही पडद्यांतून बाहेर येतात, बाहेर आल्यावर त्यांना कुठे जायचं त्याची खूण बांधली जाते, आणि कुणी पानावरचं मेण होतं, कुणी बीमधलं तेल. कुणी नव्या पेशीचा पडदा होतं. म्हणजे बघा, लोह आत आलं तर स्निग्ध बाहेर जाणार, स्निग्ध बाहेर गेलं तर नवा पडदा होणार, आणि पडदा झाला तरच त्यात नवं दार बसणार. या येण्याजाण्यावर मी उभी आहे. नावं तुमची, पण काम माझं.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आसपास माझी पानं पिवळी पडू लागली. जुनी नाहीत, कोवळी. शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, जणू कुणी हिरव्या दोऱ्याने पिवळ्या कापडावर जाळी विणली आहे. पुढच्या वर्षी ती पांढुरकी झाली. फळं कमी धरली, धरली ती सुपारीएवढी. जे लोक माझ्यापाशी थेट येत होते ते आता वळसा घालून जाऊ लागले.

माणसं औषध करीत नव्हती असं नाही. माणिकराव नावाचे एक शेतकरी आहेत, मनाने सरळ, पण अर्धं ऐकून पूर्ण करणारे. त्यांनी रेडिओवर कुठेतरी ऐकलं, की पान पिवळं पडलं तर झाडाला लोह कमी पडलेलं असतं. दुसऱ्या दिवशी हातोडा घेऊन हजर! बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेचे सहा खिळे त्यांनी माझ्या खोडात ठोकले.

"घे बाई, खा लोखंड," ते म्हणाले. "आता तक्रार नोको करू."

सांगा मित्रांनो, कुणी भुकेल्या माणसाच्या पाठीत पोळी खुपसतं का? सहा खिळे अंगात, आणि पानातल्या खोल्यांत लोहाचा एक कण पोचला नाही. अंगात असणं वेगळं आणि आत येणं वेगळं. मी वाळले नाही. दर चैत्रात नवी पालवी काढली, पिवळी तर पिवळी. काढायची ती काढलीच.

तीन वर्षं अशीच गेली. चौथ्या चैत्रात सप्ताहाच्या पहिल्याच सकाळी भगवंतराव माझ्यासमोर उभे राहिले. बरोबर माणिकराव, खांद्यावर कुऱ्हाड.

"मंदिरासमोर असं पिवळं झाड बरं दिसत नाही," भगवंतराव म्हणाले. "आज तोडून टाकू. काल्यापर्यंत आठ दिवस आहेत. या उन्हात वाळून जाईल, पंगतीच्या चुलीले कामी येईल."

झुंबरबाई अंगण झाडत होत्या. त्या झाडणी घेऊनच मध्ये आल्या.

"पाटील, चुलीले लाकूडच पाह्यजे ना? माह्या घरची कपाशीची पऱ्हाटी घेऊन जा. सगळी गंजी घेऊन जा. पन हिले हात लावू नोका."

"मावशी, तुमची पऱ्हाटी पावसाळ्यात तुमालेच लागते."

"ते मी पाह्यते. भिजलेल्या गवऱ्यांवर भाकर भाजीन."

"अहो, पन झाडात राह्यलं काय?"

"मी राह्यली ना! एक बुवा लिंबाच्या पान्याशिवाय उभा राह्यला का इतक्या वर्सांत? देवाले द्याले माह्यापाशी दुसरं काय हाय, सांगा बरं! आवाज? ऐकता का मंग, गाऊ?"

माणिकरावांना हसू फुटलं. त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली. "पाटील, गाऊ देऊ नका बाप्पा. लोक सप्ताह सोडून पळतीन."

भगवंतरावही हसले, पण शब्द सोडला नाही. "बरं. काल्यापर्यंत थांबतो. काल्याचं कीर्तन झालं आणि हे झाड असंच दिसलं, तर मग मावशी, तुमी मधात यायचं नाही."

त्या दिवशी दिवस कलताना पहिलं कीर्तन झालं. चिंतामणबुवा मोठे रसाळ कीर्तनकार. आवाज असा, की मी पानं हलवायची थांबवून ऐकत असे. पण त्या दिवशी त्यांनी काय करावं? बोलता बोलता हात माझ्याकडे केला.

"हे झाड पहा, मंडळी. देवाच्या दारात उभं आहे. तीर्थ याच्या मुळाशी, गजर याच्या कानाशी. तरी पिवळं! का? तर आत घेण्याची ओढच नाही. आपलीही गत अशीच आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मित्रांनो, सहा खिळ्यांनी मला जेवढं दुखलं नाही तेवढं त्या एका वाक्याने दुखलं. आत घेण्याची ओढ नाही? माझं एकेक मूळ दिवसरात्र आंबट सोडत होतं, लोहाच्या हातापाया पडत होतं! बुवा, मला म्हणायचं होतं, मी दार ठोठावते आहे. दाराशी काय अडलं आहे ते तुम्ही का पाहत नाही?

माझं काम झुंबरबाईंनी केलं. कीर्तनानंतर बुवांच्या पाया पडल्या आणि उठता उठता म्हणाल्या, "कीर्तन गोड झालं बुवा. पन झाडाले काऊन बोलले? त्याले उलटून बोलता येत नाही म्हून?"

बुवा गडबडले. "अहो आई, तो दृष्टान्त होता."

"दृष्टान्ताच्या अंगातही खिळे हायेत."

हे बोलणं शेजारी उभे असलेले नीळकंठ मास्तर ऐकत होते. ते शाळेत विज्ञान शिकवीत, मूळचे मलकापूरचे, त्या वर्षीच बदलून आलेले. ते माझ्यापाशी आले आणि एक पान उजेडाकडे धरून बराच वेळ पाहत राहिले. मग वाकून माझ्या बुंध्याभोवतीची माती उकरली. वर काळी माती नव्हतीच. पांढरा, कडक थर होता, खापरीसारखा.

"मावशी, हे काय आहे?"

"चुना. देवाचा चुना," झुंबरबाई कौतुकाने म्हणाल्या. "सप्ताहाच्या आधी मंदिराले पुताई होते ना, तवा डब्यात जो उरते तो. देवाले लावलेला चुना कोठी नालीत टाकता? पाय पडते लोकाइचा. म्हून मी दरसाल हिच्या आळ्यात वतते. कुंचा धुतल्याचं पानीही हिलेच. यंदाचाही वतला, परवाच."

मास्तरांनी त्या थराचा एक तुकडा उचलून बोटांत चुरला.

"काय झालं?"

"किती वर्षं ओतता आहात?"

"हिले फळ धरलं तवापासून. तिचं देवपन वाढावं म्हून."

"मावशी," मास्तर हळूच म्हणाले, "या चुन्यानेच झाड पिवळं पडलं. आपल्या जमिनीत चुनखडी आधीच फार. त्यात हा. मूळ आंबट सोडतं, चुना तो तिथल्या तिथे मारून टाकतो. लोह घट्ट होतं. मग मुळाच्या दाराशी असूनही आत जात नाही."

झुंबरबाईंचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आधी त्या भडकल्या. "म्हंजे देवाच्या चुन्यात विष हाय म्हनता? दोन बुकं वाचली अन् मारुतीच्या वर गेले का तुमी, मास्तर?" असं म्हणून पाय आपटीत निघून गेल्या.

अंगणाच्या दारापर्यंत गेल्या, आणि तिथेच थांबल्या. तिथून त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्या वर्षं मोजत होत्या. फळ कधी धरलं, पहिला डबा कधी ओतला, पहिलं पिवळं पान कधी दिसलं. शेतातली बाई ती. मातीचं तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं, फक्त देवाचं नाव मध्ये आलं म्हणून तिने मातीकडे पाहिलं नव्हतं.

त्या परत आल्या. पदर खोचला.

"काय करू, ते सांगा. तेवढं बोला."

आता मित्रांनो, मला रागावण्याचा हक्क होता. माझ्यावर सगळ्यात जास्त माया करणाऱ्या हातांनीच माझी दारं बुजवली होती. पण खरं सांगते, तो राग माझ्याने धरवला नाही. चुना ओतताना त्या पाठ केलेल्या अभंगाच्या ओळी पुटपुटत असत, तेही मीच ऐकलं होतं. ज्या हाताने चूक केली तोच हात आता खुरपं घेऊन माझ्या मुळाशी बसला होता. दिवस मावळायच्या आत त्यांनी पांढरा थर फोडून सहा टोपल्या बाहेर काढला, आणि त्या जागी कुजलेलं शेणखत घातलं.

"एवढ्याने आठ दिवसांत होणार नाही," मास्तर म्हणाले. "मुळाची वाट लांबची आहे. आपण पानाच्या वाटेने जाऊ."

दुसऱ्या दिवशी ते सायकलवर बाजाराच्या गावी गेले आणि हिराकस घेऊन आले. हिरवट खड्यांचं असतं ते, लोहाचंच एक मीठ. एका घागरीला पाच तोळे. पण नुसत्या पाण्यात ते लगेच गंजतं, तांबूस होऊन तळाला बसतं. त्यात आंबट पाहिजे.

"लिंबं आहेत का, मावशी?"

माझ्या अंगावर त्या वेळी सगळी मिळून नऊ लिंबं होती. बुवांच्या तांब्यासाठी राखलेली. झुंबरबाईंनी एकदा देवळाकडे पाहिलं, आणि नऊच्या नऊ तोडली.

"बुवाले गुळाचं पानी देईन," त्या म्हणाल्या. "यंदा लिंबू लिंबोनीले."

फवारणीचा पंप गावात कुठला असायला! चुन्याचा कुंचा तर हातात धरायचीही सोय उरली नव्हती. मग त्यांनी घरात पूजेला आणलेली नवी केरसुणी आणली, घागरीत बुडवली, आणि ऊन उतरल्यावर तीर्थ शिंपडावं तसं माझ्या पानापानांवर शिंपडलं. वरून, खालून. "घे वो माय," म्हणत. मग मध्ये दोन दिवस सोडून, संध्याकाळी पुन्हा एकदा.

माणिकराव रोज येऊन पानं उलटी-सुलटी करून जात. "काही फरक नाही बाप्पा," असं म्हणून कुऱ्हाड कुठे ठेवली आहे ते एकदा बघून घेत. झुंबरबाईंना कीर्तनात बसवत नव्हतं, आणि कीर्तन सोडवत नव्हतं. मंडपात बसायच्या त्या माझ्याकडे तोंड करून.

आणि माझ्या आत? आत धांदल उडाली होती! थेंब बसला तिथे, पानाच्या मेणातून आणि बारीक फटींतून लोह झिरपलं. पेशीच्या दाराशी ओळखीचा पाहुणा उभा राहिला, कितीतरी वर्षांनी. दारं उघडली. दोन पडद्यांच्या पलीकडे, त्या फिकट पडलेल्या गाभाऱ्यात लोह पोचलं आणि रंग चढू लागला. थांबलेली स्निग्ध आम्लं पुन्हा घडू लागली, बाहेर निघाली. मी अख्खी हिरवी झाले नाही. तेवढं बळ कुठून असणार? पण जिथे जिथे थेंब बसला होता, तिथे तिथे मी हिरवी झाले.

आठव्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन झालं. लाह्या-दह्याची हंडी फुटली. गजर थांबला, आणि भगवंतराव उठले. माणिकरावांनी कुऱ्हाड उचलली. अख्खं गाव अंगणात होतं.

झुंबरबाईंनी माझं एक पान तोडलं आणि तळहातावर ठेवून भगवंतरावांच्या समोर धरलं. पिवळ्या पानावर हिरवे ठिपके. ठिपका थेंबाएवढा, थेंबाच्याच आकाराचा. जणू कुणी हिरव्या शाईत बोट बुडवून उमटवले होते.

"पाह्यलं पाटील? जिथी थेंब, तिथी हिरवं. झाड मेलं नाही. झाडाले भेटत नोव्हतं."

मग त्या लोकांकडे वळल्या. मला वाटलं होतं एवढंच बोलून थांबतील. त्या थांबल्या नाहीत.

"अन् हेही ऐकून ठेवा. ह्या झाडाले पिवळं म्याच केलं. दरसाल देवाचा चुना हिच्या मुळाशी म्याच वतला. पुन्य म्हून. हिले काय पाह्यजे ते म्या कधी पाह्यलं नाही, मले काय द्याचं हाय तेवढंच पाह्यलं. दोष द्याचा तं मले द्या. कुऱ्हाड आधी माह्या अंगनातल्या झाडाले लावा, मंग हिले."

भगवंतरावांनी पान हातात घेतलं, उन्हात धरलं, अंगठ्याने ठिपका पुसून पाहिला. तो पुसला गेला नाही.

"रंगवलेलं तं नाही," ते म्हणाले. मग पान परत देत, "पन मावशी, मग उरलेला चुना टाकायचा कोठी?"

"तुमच्या गोठ्याले फासा! बैलही देवाचेच हायेत."

हशा झाला. त्या हशातच माझा न्याय झाला. कुऱ्हाड माझ्या खोडावर पडली नाही. ती बाजूला ठेवून माणिकराव घरी गेले आणि पक्कड घेऊन आले. पाच खिळे निघाले.

चिंतामणबुवांनी वीणा गळ्यातून काढली नव्हती. ते चालत माझ्यापाशी आले, माझ्या खोडावर हात ठेवला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पहिल्या दिवशी मी चुकीचं बोललो. ओढ होती. दार बुजलं होतं. आणि ते आम्हीच बुजवलं होतं." कीर्तनात मी पुष्कळ गोड ऐकलं आहे, पण त्याहून गोड काही आठवत नाही.

याला आता तीन वर्षं झाली. मी पूर्ण बरी झाले असं खोटं सांगणार नाही. इथली मातीच चुनखडीची आहे. दर चैत्रात माझे शेंडे पुन्हा थोडे पिवळे होतात, आणि दर चैत्रात झुंबरबाई घागर आणि केरसुणी घेऊन येतात. आता त्यांचा हात थोडा कापतो, त्यामुळे थेंब मोठे पडतात आणि ठिपकेही मोठे उमटतात. बुवांना मात्र पुन्हा लिंबाचंच पाणी मिळतं.

सहावा खिळा निघाला नाही. माझी साल त्याच्यावरून वाढली आहे. कधी इथे आलात तर खोडावर उजव्या बाजूला हात फिरवून पाहा, टेंगूळ लागेल. मित्रांनो, तुम्ही कुणावर माया करालच. झाडावर करा, गाईवर करा, आपल्या माणसावर करा. पण ओतण्याआधी एकदा वाकून त्याच्या मुळाशी पाहा. त्याला काय आत घेता येतं ते विचारा. उत्तर द्यायला आम्हाला तोंड नसतं. आम्ही पानावर लिहितो.

आणि कुणी पिवळं पडलेलं दिसलं, तर कुऱ्हाड आणण्याआधी आठ दिवस थांबा. मी थांबले होते. सहा खिळे अंगात घेऊन, ताठ उभी राहून.